मारियेच्या दर्शनस्थळांना स्वतःचा अर्थ असतो, की तो आपण नंतर लावतो?

जेलरोडकर

आमच्या भागातील एका चर्चच्या आवारात लूर्द मातेचा, म्हणजे फ्रान्समधील लूर्द गावी दर्शन दिलेल्या येशूच्या आईचा, मारियेचा, जुना ग्रोटो (दगडी गुहेसारखी रचना) आहे. काळे दगड एकावर एक रचून तिथल्याच माणसांनी तो उभा केला. पावसाळ्यात त्याच्या फटींतून नेचे उगवते. समोर फरशी नाही. मुरूम टाकलेल्या मोकळ्या जागेत लोक चपला काढून गुडघे टेकतात. आता त्याचे नूतनीकरण करण्याचा प्रस्ताव आला आहे. दगडांवर संगमरवराचा थर, समोर ग्रॅनाइट आणि भोवती स्टीलचा कठडा असे नवे रूप ठरते आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या भक्तीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, कारण आपल्या आईचे घर चांगले असावे असे कोणाला वाटणार नाही? तरीही मी विरोध केला. बैठकीत मला माझे म्हणणे धड मांडता आले नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आणि त्यावर परखड मते मागतो.

मारियेच्या दर्शनाच्या ज्या कथा चर्चने तपासून स्वीकारल्या, त्यांत संदेशाची सुरुवात जागेपासून होते आणि शब्द मागून येतात, असे मला वाटते. लूर्दचेच पाहू. 11 फेब्रुवारी 1858 रोजी 14 वर्षांची बर्नादेत सुबिरू बहिणीसोबत आणि एका मैत्रिणीसोबत जळण गोळा करायला निघाली होती. तिचे कुटुंब तेव्हा बंद पडलेल्या तुरुंगाच्या एका कोंदट खोलीत राहत होते. मासाबियेलचा खडक म्हणजे गावची डुकरे चरायला नेण्याची जागा, आणि नदीच्या पाण्यासोबत वाहून आलेली लाकडे व हाडे तिथे अडकून पडत. अशा ठिकाणी 18 वेळा दर्शन झाले. 18 फेब्रुवारीला त्या स्त्रीने बर्नादेतला विचारले की, पंधरा दिवस इथे येण्याची कृपा आपण कराल का? त्या मुलीला आजवर कोणी ‘आपण’ म्हटले नव्हते, आणि हा आदर तिच्या कायम लक्षात राहिला. 25 फेब्रुवारीला तिने हाताने चिखल उकरला, गढूळ पाणी प्यायली, तोंडाला माती फासली गेली, आणि जमलेल्या लोकांना ती वेडी वाटली. तोच आजचा झरा. मग 25 मार्चला त्या स्त्रीने आपली ओळख सांगितली, ‘मी निष्कलंक गर्भसंभव आहे’, आणि तीही शुद्ध फ्रेंचमध्ये न सांगता त्या डोंगराळ मुलखाच्या बोलीत सांगितली. रोममध्ये हाच सिद्धांत, म्हणजे मारिया गर्भात आल्यापासूनच मूळ पापापासून मुक्त होती, 1854 साली मोठ्या समारंभाने घोषित झाला होता. चार वर्षांनी निष्कलंकतेचा तोच उच्चार गावच्या सर्वांत मळलेल्या जागी झाला, ही गोष्ट मला कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक सांगून जाते.

आयर्लंडमधल्या नॉकची कथा याहून बोलकी आहे, कारण तिथे एक अक्षरही उच्चारले गेले नाही. 21 ऑगस्ट 1879 च्या संध्याकाळी धो-धो पावसात 15 साक्षीदारांना मारिया, योसेफ, योहान आणि वेदीवरचे कोकरू दिसले ते चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर. आतली वेदी रिकामी आणि पावसात भिजणाऱ्यांच्या बाजूची भिंत उजळलेली. शब्दच नसल्यामुळे तिथे अर्थ शोधायला जागेखेरीज दुसरे काही उरत नाही. पोर्तुगालमधील फातिमाला 1917 मध्ये मेंढरे राखणाऱ्या तीन मुलांना दर्शन झाले ते एका खोलगट चराऊ रानात, माणसाच्या उंचीपेक्षाही लहान अशा ओकच्या झुडपावर. मेक्सिकोत 1531 साली, म्हणजे स्पॅनिश विजयानंतर अवघ्या दहा वर्षांनी, हुआन दिएगो या तिथल्या मूळ रहिवाशाला ती भेटली तेपेयाकच्या टेकडीवर, आणि बिशप मात्र शहरात होता. त्या घटनेच्या नाहुआत्ल या स्थानिक भाषेतील वृत्तांताला ‘निकान मोपोहुआ’ म्हणतात, आणि त्यातल्या पहिल्याच शब्दाचा अर्थ आहे ‘इथे’.

या सगळ्या जागा गावकुसाबाहेरच्या आहेत. कोणी न निवडलेली, टाकून दिलेली भूमी तिने निवडली, हाच त्यांचा अर्थ. म्हणून ग्रोटोचा ओबडधोबड दगड आणि समोरची माती ही सजावटीतली उणीव समजू नये. ती झाकली तर आपण लूर्दचा पहिला शब्दच खोडून टाकू.

शरणपूरची लेक

सर, तुमचे लेखन दोनदा वाचले. तुमची तळमळ पोचली, परंतु मूळ विधानच मला मान्य नाही, आणि ते का हे स्पष्ट सांगते.

आम्हा प्रोटेस्टंटांची प्रार्थना मूर्तीशिवाय होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही मी मूर्तीचा मुद्दा काढणार नाही, मी जागेविषयीच बोलते. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्री विहिरीवर प्रभू येशूला नेमका तुमचाच प्रश्न विचारते: आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली, तुम्ही म्हणता यरुशलेमेतच केली पाहिजे, मग खरे स्थान कोणते? प्रभूचे उत्तर दोन्ही जागांना ओलांडून जाते. उपासना आत्म्याने आणि खरेपणाने व्हायची आहे, डोंगर कोणता याला तिथे महत्त्व उरत नाही. आता तुम्ही म्हणाल की ते उत्तरही एका विहिरीवर, एका वाळीत टाकलेल्या बाईला मिळाले. खरे आहे. पण त्या विहिरीवर ये, असे त्याने पुढे कोणालाही सांगितले नाही.

दुसरे म्हणजे बर्नादेतचेच उदाहरण तुमच्या विरोधात जाते. शेवटचे दर्शन 16 जुलै 1858 चे. तोवर अधिकाऱ्यांनी गुहेसमोर फळ्यांचे कुंपण घातले होते, आणि तिला नदीच्या पैलतीरावरील कुरणातून पाहावे लागले. त्या दिवशी मला ना फळ्या दिसल्या ना नदी, नेहमीइतक्याच जवळून मी तिला पाहिले, असे तिने पुढे सांगितले. म्हणजे जागा हिरावली गेली आणि दर्शनात काहीही कमी झाले नाही. 1866 मध्ये ती दूरच्या नेव्हेर शहरातील मठात गेली ती पुन्हा लूर्दला आली नाही. 1876 साली खडकावरच्या बॅसिलिकेचे, म्हणजे भव्य चर्चचे, पवित्रीकरण झाले तेव्हाही ती तिथे नव्हती, आणि 1879 मध्ये मठातच वारली. जिने पाहिले तिला जागेवाचून जगता आले. मग न पाहिलेल्यांनी जागेला इतके कवटाळावे का?

आणि एक साधा प्रश्न राहतो. तुमचा ग्रोटो तर मासाबियेल नव्हेच. तो नाशिकच्या काळ्या दगडात केलेला एक नमुना आहे. जागाच बोलत असेल, तर हजारो मैलांवरचा नमुना काय बोलणार?

गोदाकाठ

मी इतिहास शिकवत असे, त्या सवयीने लिहितो. माझी श्रद्धा वेगळी आहे, परंतु इथे श्रद्धेचा वाद नाही, तर्काचा आहे.

‘टाकून दिलेली जागा तिने निवडली’ हे विधान ऐकायला सुंदर आहे, पण त्यात एक गफलत आहे. मेंढरे राखणाऱ्या मुलांना जे काही दिसेल ते कुरणातच दिसणार, कारण त्यांचा दिवस तिथेच जातो. जळण वेचणाऱ्या मुलीला ते नदीकाठच्या खडकाजवळ दिसणार. जागा निवडली ती त्या मुलांच्या दारिद्र्याने, आणि आपण तिला नंतर प्रतीक म्हणतो. शिवाय तुम्ही जुळणारी उदाहरणे घेतली आणि न जुळणारी बाजूला ठेवली. 1830 मध्ये कातरिन लाबूरे हिला दर्शन झाले ते पॅरिस शहरात, मठाच्या प्रार्थनागृहात. रवांडातील किबेहोला 1981 मध्ये मुलींच्या शाळेत दर्शने सुरू झाली. कैरोच्या झैतून भागात 1968 मध्ये लोकांनी तिला चर्चच्या घुमटावर पाहिले, आणि तेही भर वस्तीत. यांपैकी कोणती जागा टाकून दिलेली होती?

लूर्दमध्येच पाहा. 1858 च्या त्याच वसंतात आणि उन्हाळ्यात त्याच गुहेपाशी इतर अनेकांनी आपल्यालाही दर्शन झाल्याचे सांगितले. चर्चने ते दावे मानले नाहीत. जागा तीच, खडक तोच, झरा तोच, तरी निर्णय वेगळा. 1862 मध्ये तार्बच्या बिशपांनी बर्नादेतला मान्यता दिली ती तिच्या सरळपणामुळे, तिच्या सांगण्यातील सुसंगतीमुळे आणि नंतरच्या परिणामांमुळे. डुकरांच्या कुरणाचे प्रतीक त्या निर्णयाचा आधार नव्हते. त्या झऱ्याच्या पाण्याचेही 1858 मध्येच तुलूजच्या एका प्राध्यापकाने पृथक्करण केले, आणि ते साधे पिण्याचे पाणी निघाले, त्यात कोणताही खास औषधी गुण आढळला नाही.

‘निकान’ या शब्दावर तुम्ही फार भार टाकला आहे. तो वृत्तांत छापला गेला 1649 मध्ये, म्हणजे घटनेनंतर 118 वर्षांनी. तोवर तेपेयाकला मंदिर होते, यात्रा होती. ‘इथे’ हा शब्द यात्रेकरूंच्या वाटेवर उभे राहून लिहिला गेला असणे अगदी शक्य आहे. स्थानमाहात्म्य स्थानाच्या प्रसिद्धीनंतर रचले जाते, हे गोदाकाठी राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

जेलरोडकर

दोघांचेही आभार. आधी गोदाकाठ यांच्याविषयी.

गरीब मुलांना कुरणातच दिसणार, हे मी मान्य करतो. पण त्यामुळे प्रतीक खोटे ठरते असे मला वाटत नाही. प्रतीक म्हणजे पुरावा नव्हे. दर्शन खरे होते का, हे मी जागेवरून सिद्ध करत नाही, आणि चर्चही करत नाही. मान्यता मिळालेल्या दर्शनांवरही विश्वास ठेवण्याचे बंधन कॅथलिकांवर नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, जे झाले ते तिथे झाले म्हणून लोकांना काय उमगले. नॉकला धर्मगुरूंच्या घरी कामाला असलेल्या बाईने त्यांना जाऊन सांगितले, ते मात्र बाहेर आले नाहीत. पावसात उभे राहिलेल्यांनी पाहिले. पुढे आलेल्या लोकांनी त्या भिंतीचा गिलावा इतका खरवडून नेला की तिला फळ्या लावाव्या लागल्या. फातिमाच्या त्या लहानशा झुडपाच्या फांद्या भाविकांनी अशाच तोडून नेल्या आणि झुडूप नाहीसे झाले. नुसता निरोप पुरेसा असता तर माणसांनी भिंत कशाला खरवडली असती?

झैतूनचे उदाहरण तुम्ही दिलेत, पण तो प्रकाश प्रथम पाहिला तो चर्चसमोरच्या बस आगारातल्या कामगारांनी, आणि त्यांत मुसलमान होते. घुमट चर्चचा, पाहणारे रस्त्यावरचे. पॅरिसचे उदाहरण मात्र मला खरोखर अडचणीचे आहे. तिथे आजही भाविक जातात, परंतु त्या दर्शनातून जगभर गेले ते मारियेची प्रतिमा असलेले पदक. ज्याला त्याला गळ्यात घालता यावे असे काहीतरी तिथून निघाले, जणू बंद दारामागची ती जागा स्वतःच बाहेर पडू पाहत होती. हे माझे वाचन आहे. तुम्हाला ते ओढूनताणून केलेले वाटेल.

ताई, नमुन्याचा तुमचा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. लूर्दची मूर्ती गुहेच्या मध्यभागी नाही. ती उजवीकडे, वरच्या बाजूच्या एका कोनाड्यात आहे, आणि खालची मोठी पोकळी आहे तशीच ठेवलेली आहे. जगभरच्या ग्रोटोंनी, आमच्याही, ही मांडणी जपली: मूर्ती बाजूला, मध्ये पोकळी, समोर उघडी जमीन. म्हणजे नमुना करणाऱ्यांनी नक्कल केली ती मूर्तीइतकीच त्या रिकामेपणाची. मातीला हात लावावा, खाली वाकावे, एवढेच त्या मांडणीत सांगितलेले आहे, आणि ते नाशिकच्या मातीत सांगता येते. संगमरवरात नाही.

नांदुरीचा वाटसरू

मी ख्रिस्ती नाही. दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जातो. तुमच्या चर्चेत मला एक गोष्ट खटकली.

सरांनी तेपेयाकची टेकडी ‘बाहेरची’ म्हटली. कोणाच्या दृष्टीने बाहेरची? बिशपच्या दृष्टीने. त्या टेकडीवर स्पॅनिश लोक येण्याआधीपासून तोनान्त्सिन या देवीची उपासना होती, आणि त्या नावाचा अर्थच ‘आमची आई’ असा होतो. लोक ग्वादालुपेच्या मारियेलाही (तेपेयाकच्या मारियेचे हेच नाव) तोनान्त्सिन म्हणतात, अशी तक्रार सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनेच लिहून ठेवली आहे. त्या लोकांसाठी टेकडी कडेची नव्हती. ते त्यांचे मध्यस्थान होते, आणि जेत्यांनी ते कडेला ढकलले. आमची सप्तशृंगीही सपाटीवरून पाहिली तर दूर एका कड्यात आहे. खानदेशातून उन्हातान्हात चालत येणाऱ्याला विचारा की जगाचे मध्यस्थान कुठे आहे. तो गडाकडे बोट दाखवील. देवी अखंड कातळात कोरलेली आहे, ती उचलून सोयीच्या ठिकाणी नेता येत नाही, म्हणून माणसे जातात.

तेव्हा ‘टाकून दिलेल्या जागेला तिने मान दिला’ असे म्हणताना त्या जागेला आधी मान होताच की नाही, हे तपासायला हवे. नाहीतर हिरावलेल्या स्थानाला भेट मिळालेले स्थान म्हटल्यासारखे होते. सगळ्या आया एकच, असे म्हणून हे मिटवू नये, ही माझी हात जोडून विनंती. तोनान्त्सिन तोनान्त्सिन होती.

शरणपूरच्या ताईंना मात्र एक सांगावेसे वाटते. मूर्ती नाकारली म्हणजे स्थान आपोआप सुटते, असे आपल्या मुलखाचा अनुभव सांगत नाही. महानुभाव पंथाने मूर्तिपूजा मानली नाही, तरी चक्रधरस्वामी जिथे जिथे बसले, राहिले, बोलले त्या स्थानांची नोंद ‘स्थानपोथी’त काळजीपूर्वक करून ठेवली, आणि त्या जागी ओटे बांधून आजही त्यांना वंदन होते. त्या ओट्यावर देव नसतो. तिथे तो होता, एवढीच आठवण असते, आणि तेवढ्यासाठी माणूस वाकतो.

पाथर्डी फाटा

‘गावकुसाबाहेर’ हा शब्द जेलरोडकर सरांनी सहज वापरला. तो आमच्या घरात सहज वापरला जात नाही, म्हणून लिहितो.

2 मार्च 1930 रोजी याच नाशकात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. माझे पणजोबा त्यात होते. देव गावकुसाबाहेर भेटतो, तुम्ही आपल्या जागी पवित्रच आहात, हे सांगणारे त्या वेळीही होते. सत्याग्रहींना ते समाधान नको होते. त्यांना त्या दरवाजातून आत जाण्याचा अधिकार हवा होता, कारण दरवाजा हेच तिथले खरे प्रतीक होते. कडेच्या जागेचे पावित्र्य ज्याला तिथे जबरदस्तीने राहावे लागत नाही त्याला फार लवकर दिसते.

जागा पवित्र ठरल्यावर तिचे काय होते तेही पाहा. फातिमाचे ते रान, म्हणजे कोवा द इरियाची जमीन, दर्शन झालेल्या तीन मुलांपैकी लुसियाच्या कुटुंबाची होती. तिथे मका आणि भाजीपाला होत असे. गर्दीने तो सगळा तुडवला आणि घरची आई मुलीवर संतापली, हे लुसियाने स्वतःच्या आठवणींत लिहिले आहे. कांदा किंवा द्राक्षे लावणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते पीक डोळ्यांसमोर येईल. लूर्दला तर ज्या मुलीमुळे गुहा प्रसिद्ध झाली तिलाच कुंपणाबाहेर उभे राहावे लागले. जागा जितकी पवित्र, तितका तिच्यावरचा पहारा कडक. तुमच्या ग्रोटोला कठडा येतो आहे तो याच नियमाने येतो आहे, सर. दगड खरखरीत ठेवल्याने हा नियम मोडत नाही.

देवळालीची आई

मी अभ्यासक नाही. मुलगा आजारी असताना नवस बोलले होते आणि तो बरा झाल्यावर तमिळनाडूतील मारियेच्या तीर्थस्थानी, वेलंकणीला, गेले होते. तिथे बॅसिलिकेपासून जुन्या तळ्यापर्यंत वाळूची वाट आहे, आणि लोक ती गुडघ्यांवर चालतात. मीही चालले. तिथल्या परंपरेत तीन कथा सांगतात: तळ्याकाठी वडाखाली विसावलेला दूध नेणारा मुलगा, ताक विकणारा पांगळा मुलगा, आणि वादळातून किनाऱ्याला लागलेले पोर्तुगीज खलाशी. तिघांपैकी कोणीही तिला शोधायला निघाले नव्हते. दूध पोचवायचे होते, ताक विकायचे होते, जीव वाचवायचा होता. ती वाटेत भेटली.

इथे सगळे कड आणि मध्य याबद्दल बोलत आहेत. मला ती जागा आठवते ती गुडघ्यांना टोचलेल्या वाळूमुळे. त्या वाटेवर माझ्या शेजारी साडीचा पदर डोक्यावर घेतलेली, कपाळाला कुंकू असलेली एक बाई चालत होती. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. त्या ग्रोटोसमोर ग्रॅनाइट घातला तर आमच्यासारख्यांना उन्हाळ्यात त्यावर पाय ठेवता येणार नाही, आणि कठडा घातला तर लहान मुलांचे हात दगडाला लागणार नाहीत. माझा आक्षेप एवढाच.

शरणपूरची लेक

वाटसरूदादा, ओट्याचे उदाहरण मला विचार करायला लावणारे आहे. आमच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुले आणून शिकवली गेली. प्रवासी व मिशनरी लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेले तरुण होते. त्या परिसरातून जाताना माझीही पावले मंदावतात, हे मी नाकारत नाही. आठवणीला जागा लागते, हे मान्य. परंतु आठवण आणि कृपा यांत मी अंतर ठेवीन. त्या जागी घडले म्हणून मी थांबते. त्या जागी देव अधिक आहे म्हणून नव्हे. सरांच्या मूळ लेखात हे अंतर पुसले गेले होते.

गोदाकाठ

सर, एक अडचणीचे सत्य तुमच्या लक्षात आणून देतो, कारण ते बैठकीत कोणीतरी काढणारच. 2 मार्च 1858 च्या दर्शनात त्या स्त्रीने स्वतः सांगितले की धर्मगुरूंना जाऊन सांग, इथे प्रार्थनागृह बांधावे आणि लोकांनी मिरवणुकीने यावे. तेपेयाकला मंदिर मागितले गेले, फातिमालाही प्रार्थनागृह मागितले गेले. खडक खडकच ठेवा, असे तिने कुठेही सांगितलेले नाही. म्हणजे बांधकाम करू इच्छिणाऱ्यांच्या बाजूने तिचे शब्द आहेत आणि तुमच्या बाजूने तुमचे वाचन. इतकेच नव्हे, 1864 मध्ये लूर्दच्या कोनाड्यात बसवलेली मूर्तीदेखील कारारा संगमरवराची आहे.

जेलरोडकर

हे मी विसरलो होतो, आणि ते माझ्या बाजूचे नाही. तरीही त्या मूर्तीबद्दल एक गोष्ट सांगतो. शिल्पकार फाबिश याने बर्नादेतला विचारून विचारून ती घडवली होती, आणि ती पाहिल्यावर ही तशी नाही, असेच ती म्हणाली. प्रार्थनागृह मागितले गेले आणि ते बांधलेही गेले, पण खडकाच्या माथ्यावर. खालची गुहा उघडी राहिली, आणि तिची भिंत आज माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेली आहे. मागणी पूर्ण करतानाही बांधणाऱ्यांनी त्या भिंतीवर फरशी चढवली नाही, यावर मी भर देईन.

वाटसरूदादांचा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. तेपेयाकला बाहेरची जागा म्हणणे ही माझी चूक होती. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द मागे घेतो. ज्यांच्या पणजोबांनी त्या दाराशी उन्हात दिवस काढले त्यांच्यासमोर तो मला वापरता येणार नाही. शरणपूरच्या ताई, देव तिथे अधिक आहे असे मलाही म्हणायचे नव्हते, पण माझी वाक्ये तिकडे झुकली, हे खरे.

नाशिककर म्हणून आणखी एक उदाहरण माझ्या मनात आहे आणि ते बैठकीत सांगणार आहे. सोयीसाठी आणि गर्दीसाठी गोदावरीच्या तळात काँक्रीट घातले गेले, त्याखाली कुंडांचे जिवंत झरे दबले, आणि ते काँक्रीट काढावे म्हणून लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. घालणाऱ्यांच्या मनात गोदेविषयी अनादर नव्हता.

रविवारी मी तीन गोष्टी मागेन. मूर्तीच्या कोनाड्याला संगमरवर लावायचा असेल तर माझी हरकत नाही. समोरची जमीन मातीची राहू द्यावी, आणि पावसात चिखल होतो ही खरी अडचण असल्याने तिला नीट उतार देऊन कडेने चर काढावा. कठडा मात्र घालू नये. पाथर्डी फाटा म्हणतात तो पहाऱ्याचा नियम दगडाच्या खरखरीतपणाने मोडत नाही, हे मला पटले; कठडाच नसला तर निदान आमच्या आवारात तो लागू होणार नाही. देवळालीच्या ताई, तुम्हाला येता आले तर वाळूची ती गोष्ट तुम्हीच सांगावी, अशी विनंती आहे. बैठक सकाळच्या मिस्सानंतर ग्रोटोसमोरच आहे.

पाथर्डी फाटा

मीही येईन. मतभेद तसाच आहे, पण कठड्याविरुद्ध एक हात माझाही धरा.